पाचव्या संघाचं क्रेट

मंजुषा जेऊघालेचं पत्र डिसेंबर १९९८ मध्ये आलं. मी त्याला उत्तर दिलं नाही. उत्तर काय द्यावं ते मला कळत नव्हतं, हे खरं. पण एवढंच खरं होतं का, याचीही आज खात्री वाटत नाही.

मी नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिक्स शिकवत असे. शिकवणं म्हणजे फळ्यावर. वर्कशॉपमध्ये मी सहसा जात नसे. तरी त्या वर्षी प्राचार्यांनी यंत्र बनवण्याची स्पर्धा माझ्याकडे सोपवली, कारण नियम लिहायला मी बरा होतो. नियम मी मन लावून लिहिले. वेगवेगळ्या कॉलेजांचे सहा संघ, प्रत्येकाला सारखंच सामान: प्लायवूड, गोणपाट, सायकलचं एक चाक, खिळे, दोरी. सात तासांत असं यंत्र बनवायचं की दीड माणूस उंचीवरून चाळीस कांदे खालच्या क्रेटमध्ये उतरतील. साल फाटलेल्या प्रत्येक कांद्यामागे एक गुण वजा. जिंकणाऱ्या संघाला सातपूरच्या एका कारखान्यात सहा महिने काम शिकायला मिळणार होतं.

सामान सारखं असावं म्हणून मी खिळेसुद्धा मोजले होते. कांदे मात्र वर्कशॉपच्या चिमाजीनं विंचूरहून आणले. ते मी नुसते मोजले.

मंजुषा पाचव्या संघात होती. विंचूरजवळच्या गावातली, घरची कांद्याची शेती. चाचणीच्या आधी तिनं क्रेटमधला एक कांदा उचलला आणि माझ्याकडे आली.

"सर, आम्हाला लाल कांदा आलाय. बाकीच्यांचा उन्हाळ आहे, साठवणीतला वाळलेला."

"मग?"

"याची साल ओली असते सर. लगेच सुटते."

"कांदा तो कांदाच," मी म्हणालो.

तिच्याच संघातला समर्थ मागून हळू आवाजात म्हणाला, "सरांच्या घरी कांदा पुस्तकातून येतो."

पोरं हसली. शेजारी प्राचार्य आणि कारखान्याचे पाहुणे उभे होते. माझे कान तापले. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "पाचवा संघ, सुरू करा."

तिनं आखलेला प्लायवूडचा उतार छान होता. वळणावर गोणपाटाची झोळी, कांदा तिथं दम खाऊन पुढं सरके. सात साली फाटल्या. पहिल्या आलेल्या संघाच्या चार.

संध्याकाळी चिमाजी क्रेटं आवरत होता. त्याला विचारलं.

"पोरगी खरं बोलली, सर. उन्हाळ कांदा पाचच क्रेट भेटला. भाव काय चाललाय, बघताय ना? लोक कांदा कपाटात ठेवायला लागलेत. सहावं लाल घेतलं."

"त्यानं फरक पडतो का पण?"

"आता ते तुम्ही सांगायचं. तुम्ही लय शिकलेले."

मी गुणांचा कागद घडी करून खिशात घातला. निकाल जाहीर झाला होता.

मग ते पत्र आलं. सोबत उताराचं पेन्सिलनं काढलेलं ड्रॉइंग, मापांसकट. तिनं लिहिलं होतं: "घरी सगळे म्हणतात, कांद्यानं हरवलं. मला ती पळवाट वाटते. माझ्या उतारात चूक असेल तर ती मला हवी आहे. नसेल तर तेही कळवा. म्हणजे मी हे काम करावं की नाही ते ठरवीन."

मी कागद घ्यायचो, 'चि. मंजुषा' लिहायचो आणि थांबायचो. तिचं कॉलेज दुसरं होतं; ती पुन्हा दिसली नाही. मी निवृत्त झालो.

गेल्या वर्षी पत्नी गेली आणि बाजार माझ्याकडे आला. या कार्तिकात भाजीवाल्या सगुणाबाईंकडे तक्रार केली, की टोपलीतले निम्मे कांदे सडले.

"कोणते घेतले होते, बाबा?"

"थोडे हे, थोडे ते. एकातच ठेवले."

त्यांनी कपाळावर हात मारला. "अवो, लाल कांदा म्हंजे ओलं बाळ. अन् उन्हाळ म्हंजे वाळलेली म्हातारी. त्यांना एका पाळण्यात निजवलं व्हय तुम्ही?"

मला पाचव्या संघाचं क्रेट आठवलं. मग दोन्ही प्रकारचे चार-चार किलो घेतले.

मंजुषाच्या ड्रॉइंगवरून जिन्यात उतार बांधला. तीन दिवस लागले. अंगठा दोनदा ठेचला. सूनबाई दिशा दारातून म्हणाली, "बाबा, भाजीपुरते तरी ठेवा."

पहिल्या फेरीत प्रत्येकी वीसपैकी लाल सहा फाटले, उन्हाळ एक. दुसऱ्या फेरीत लाल तीन, उन्हाळ तीन. तिसऱ्या फेरीला लाल पाच, उन्हाळ दोन. पण तोवर माझी झोळी सैल झाली होती. यावरून काय म्हणायचं? तेव्हाचे कांदे वेगळे, सुतारकाम तिचं होतं, हे माझं. रात्री अंथरुणात मी आकडे उलटसुलट केले. ती जिंकली असती असं सिद्ध होत नव्हतं. हरली असती असंही नाही.

सकाळी लिहायला बसलो. या वेळी थांबलो नाही.

"चि. मंजुषा, तुमच्या उतारात मला चूक सापडली नाही. मी तो बांधून पाहिला. क्रेट वेगळं होतं आणि हे तुम्ही मला चाचणीआधी सांगितलं होतं. चाचणी थांबवणं माझं काम होतं. मुलं हसली म्हणून मी ते केलं नाही. तुम्ही पहिल्या आला असतात का, हे मला नऊ वर्षांनीही कळलेलं नाही. पण तो निकाल तुमच्या कामाचा नव्हता. उत्तराला फार उशीर झाला. तुम्ही काय ठरवलंत?"

आकडे खाली तिन्ही फेऱ्यांचे लिहिले, सैल झोळीसकट. पत्ता तिच्याच पत्रावरचा. ती तिथं असेल का, माहेरचं कुणी पुढं पाठवेल का, काही कळायला मार्ग नव्हता. घरून निघून पेटीपर्यंत गेलो, तिकीट नीट चिकटलंय का पाहिलं, परत फिरलो, पुन्हा गेलो. पेटी उघडायला आलेला पोस्टमन थैली धरून उभा होता.

"टाकायचंय का, आजोबा?"

"हो," म्हणालो आणि त्याच्या थैलीत टाकलं.