एकतीस सेकंद

चौदाव्या प्रश्नाला सगळेच म्हातारे खोटं बोलतात. गेल्या वर्षभरात पडलात का? नाही. एका आजींच्या कोपराला प्लास्टर होतं, तरी नाही. कारण विचारताना मागे मुलगा नाहीतर सून उभी असते आणि फॉर्मवर शेवटी त्यांचीच सही लागते. शहर म्हाताऱ्यांच्या सोयीचं करायचंय म्हणून नगरपालिकेने हा सर्व्हे काढलाय. मी शाळा सोडून घरात सगळ्यांच्या अंगावर ओरडत बसलेली, म्हणून आईने मला त्यात ढकललं.

टेलर आजोबाही नाहीच म्हणाले. वय एकोणऐंशी. रोज सकाळी रस्ता ओलांडून समोरच्या आपल्या जुन्या दुकानात जातात आणि हाताने काज करतात. तसं काज आता कुणालाच जमत नाही, हे त्यांनी मला तीनदा ऐकवलं. मुलगा दारात हाताची घडी घालून उभा. त्याने सांगूनच टाकलं होतं, की सर्व्हेत बाबा डळमळीत निघाले तर उद्यापासून बाहेर जाणं बंद. आम्ही दोघं कामावर, मागे बघणार कोण. आवाज चढवत नव्हता, त्यामुळे जास्तच धडकी भरली. चपलांच्या स्टँडवर नवी कडी पडली होती, पाकिटातली. दाराला बाहेरून लावायची. आजोबा तिकडे बघायचं टाळत होते.

मग चालण्याची चाचणी. माणसाला सिग्नलवर न्यायचं, त्याच्या रोजच्या चालीने रस्ता ओलांडायला सांगायचं, सेकंद मोजायचे. त्यावरून हिरव्या दिव्याची वेळ ठरणार. आत्ता ती अठरा आहे.

आजोबांनी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि काठी मुद्दाम घरीच ठेवली. जिन्याच्या वळणावर थांबले, दम खाल्ला. म्हणाले, "पोरी, सतरा लिही. तुझं काय जातंय?"

मी म्हटलं, सगळ्यांचे सतरा लिहिले तर सिग्नल आहे तसाच राहील.

"सिग्नलचं मी बघतो. तू कडीचं बघ."

हिरवा लागला. मी मोबाईलवर घड्याळ चालू केलं. आजोबा असे सुटले की जणू मागे कुणी लागलंय. पहिली काही पावलं एकदम झोकात. मध्यावर चप्पल निसटली. ती घ्यायला वाकले, तेवढ्यात लाल. एका टेम्पोवाल्याने हॉर्न दाबला तो सोडेचना. माझं डोकं सटकलं. त्याच्या बॉनेटवर जोरात थाप मारली आणि हात आडवे करून तिथेच उभी राहिले. तो शिव्या घालत होता, मी पण घातल्या. आजोबा पलीकडे पोचले तेव्हा एकतीस.

मी त्यांच्यापाशी गेले. घराच्या बाजूला मुलगा खाली येऊन फुटपाथवर उभा होता. त्याने सगळं बघितलं होतं. पुढचा हिरवा लागताच तो जवळजवळ पळतच आला. मी रागाने त्याचंही घड्याळ लावलं.

त्याचा चेहरा पांढराफटक. म्हणाला, आण तो फॉर्म, सही करतो आणि विषय संपवतो.

मी आजोबांकडे बघितलं. सतरा लिहायला माझा हात तयार होता, पण आता त्याला काही अर्थ नव्हता. त्यांनाही ते कळलं.

"एकतीस लिही," ते म्हणाले. "आणि चौदाव्याला हो लिही. दोनदा. इथेच, या कडेला."

मुलगा फॉर्मसाठी हात पुढे करूनच उभा होता. तेच मला सहन झालं नाही. मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला. "काका, तुम्हाला सोळा लागले. पळत. तुमचे गुडघे धड आहेत तरी."

"मापच तोकडं घेतलंय रस्त्याचं," आजोबा पुटपुटले.

मुलगा आकड्याकडे बघत राहिला. मग काठी कुठंय म्हणून विचारलं. घरी, असं कळल्यावर परत रस्ता ओलांडून गेला. दोन हिरवे गेले तरी तो येईना. आजोबांनी दुकानाच्या पायरीचा खांब घट्ट धरून ठेवला होता. मी त्यांच्या इमारतीच्या दारावरून नजर हलवली नाही.

तो आला तो फक्त काठी घेऊन.

"पडलात तर आधी मला सांगायचं, बाबा. कागदाला नाही." काठी त्यांच्या हातात देत म्हणाला, "सिग्नल बदलेपर्यंत सकाळी मी सोडीन. संध्याकाळी थांबायचं, मी येईपर्यंत. कडी राहू दे पाकिटातच."

सही केली आणि कामावर उशीर झाला म्हणत निघाला. आजोबा आत जाऊन बसले, पण सुईत दोरा जाईना. ओवून देऊ का विचारलं, तर माझ्यावरच खेकसले.

फॉर्मच्या शेवटी सूचनांसाठी एक ओळ असते. सगळे ती रिकामी सोडतात. मी ठळक अक्षरात लिहिलं, पस्तीस करा.