राहून गेलेलं माप

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. मी कधी कुणाला बांधलं नाही की कुठल्या फाटकाला कुलूप घातलं नाही. माझं काम मोजण्याचं. माझी लांबी बरोबर दहा यार्ड आणि दोन्ही टोकांना एकेक उंच दांडा. अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलात, तरच चेंडू तुमच्याकडे राहतो. गेलात की नाही, हे मी सांगायचे.

शिकागोतल्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. पोलादी टेपवर ताणून पाहिलं तेव्हा माझी एक कडी जास्त निघाली, ती तिथल्या तिथे कापली. मला त्याचं वाईट वाटत नाही. ती राहिली असती तर मी जन्मभर खोटी ठरले असते.

सरोवराकाठच्या मोठ्या मैदानात दर उन्हाळ्यात एक सामना व्हायचा. मंदीच्या दिवसांत, शहरात मोठी जत्रा भरली होती त्या काळात, एका वर्तमानपत्राने तो सुरू केला. एकीकडे गेल्या हंगामातला विजेता व्यावसायिक संघ, दुसरीकडे नुकतंच कॉलेज संपवलेली देशभरातली निवडक पोरं. उत्पन्न धर्मादाय कामाला जायचं. निकाल कुठल्या तक्त्यात धरत नसत, तरी मैदान फुलून जायचं. सुरुवातीच्या काळात ही पोरं कधीमधी विजेत्यांनाही पाणी पाजायची. पुढे व्यावसायिक संघ थोराड होत गेले. त्यांचे मालक कुरकुरू लागले, "आम्ही घेतलेली पोरं आमच्याकडे येण्याआधीच इथे हातपाय मोडून घेतात." खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या. मला ते कडेला उभ्या उभ्या दिसत होतं.

मला सांभाळायचे दोघे. पुढचा दांडा पोस्टमन लेस्टर क्विग्लीकडे. मागचा दांडा आणि क्लिप, म्हणजे कडीवर खूण करायचा चिमटा, काझिमीर झाव्हाडाकडे. काझिमीर धंद्याने शिंपी. मैदानावर दर पाच यार्डांवर चार इंच रुंद पांढरा पट्टा असतो. मी मैदानाच्या बाजूला ताणलेली असताना अशा एका पट्ट्याच्या पुढच्या, म्हणजे धावायच्या दिशेच्या, कडेसमोर काझिमीर माझ्या कडीला क्लिप लावायचा. मोजायला मैदानात गेलं की क्लिप पुन्हा त्याच कडेवर टेकवायची आणि मला ताणायचं. मागच्या कडेवर टेकवली तर धावणाऱ्याला चार इंच फुकट मिळतात, आणि ते कुणाच्या बापाला कळत नाही. आमच्यात आणखी एक रीत होती. पंचाचा निर्णय झाल्याशिवाय क्लिप काढायची नाही.

हा सामना शेवटचा झाला त्या वर्षी कॉलेजच्या संघात काझिमीरचा भाचा होता, रोमन कुलिक. एका व्यावसायिक संघाने त्याला यादीत अगदी तळाशी घेतलं होतं. त्याला ठेवायचं की घरी पाठवायचं, हे त्या संघाची माणसं या सामन्यात बघून ठरवणार होती. दुपारी पिरोगी, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्या, वाढताना बहीण काझिमीरला म्हणाली, "जन्मभर परक्या पोरांना मोजलंस. आज जरा आपल्याकडे बघ हं, दादा."

"पिरोगी वाढ तू," काझिमीर म्हणाला.

मैदानावर त्याने मुख्य पंचाला सरळ सांगून टाकलं, "तो कुलिक माझा भाचा आहे. क्लिप दुसऱ्या कुणाकडे द्या."

पंच हसला. "वीस वर्षं तुझी क्लिप बघतोय मी. गुपचूप उभा राहा."

सामन्याच्या चारपैकी तिसऱ्या भागात पोरांच्या खात्यात एकही गुण नव्हता आणि आभाळ फाटल्यासारखा पाऊस सुरू झाला. चौथा प्रयत्न होता. एक यार्ड हवं होतं. रोमन चेंडू पोटाशी धरून ढिगाऱ्यात घुसला. सगळे उठले तेव्हा चेंडू दहा यार्डांच्या अगदी सीमेवर पडलेला. पंचाने आम्हाला बोलावलं.

काझिमीर चिखलात गुडघ्यांवर बसला. मला खरंच भीती वाटली, हा आता कुठली कड धरणार? त्याने क्लिप टेकवली आणि अंगठा घट्ट दाबला.

"ओढू का रे?" लेस्टरने विचारलं.

"ओढ."

मी ताणली जाणार इतक्यात वीज कडाडली. पंचांनी शिट्ट्या फुंकून सगळ्यांना आत पिटाळलं. लेस्टर दांडा टाकून पळाला. पण रोमन गेला नाही. त्याने तो दांडा उचलला आणि ओरडला, "मामा, ओढतो मी!" तेवढ्यात कठड्यावरून उड्या मारून माणसं मैदानात घुसली. कुणी चिखलात घसरगुंडी खेळू लागलं, कुणी गोलाचे खांब ओढून पाडले. एका लठ्ठ गृहस्थाने चेंडूच उचलून नेला. सामना तिथेच थांबवला. पुढे तो पुन्हा कधी झालाच नाही.

रोमनलाही संघाने घरी पाठवलं. तो एका शाळेत प्रशिक्षक झाला. मैदानाला नवी साखळी आली आणि काझिमीरने मला घरी नेऊन तळघरात बॉयलरशेजारी टांगलं. क्लिप तशीच होती. मी सतरा वर्षं तिथे गंज खाल्ला.

काझिमीरच्या ऐंशीव्या वाढदिवशी रोमन खुर्च्या आणायला तळघरात उतरला, मागोमाग काझिमीरही. रोमनने मला हात लावला.

"मामा, त्या दिवशी कुठली कड धरली होतीस?"

"पुढची." काझिमीर म्हणाला. "रागावलास? चार इंच होते माझ्या हातात. तुला संघाने घरी पाठवलं, त्याचा राग धरून तुझी आई वर्षभर बोलली नाही माझ्याशी."

रोमन खाली पायरीवर बसला. "मला वाटायचं, तू मागची धरलीस. माझ्यासाठी. म्हणून विचारायची छाती झाली नाही. रोज पोरांना सांगतो, एक यार्ड राहिलं की घुसायचं. आणि सांगताना वाटायचं, त्या दिवशी मोजलं असतं, तर आपलं ते यार्ड मामाने दिलेलं ठरलं असतं."

"गाढवा," काझिमीर म्हणाला, "सतरा वर्षं?" मग त्याने बाहीने डोळे पुसले. "निर्णय झाला. काढ आता ती क्लिप."

गंजाने ती धरून बसली होती. दोघांनी मिळून काढली.

मित्रांनो, चेंडू पोचला होता की नाही, मलाही ठाऊक नाही. मी ताणलेच गेले नव्हते. आता मी रोमनच्या शाळेत असते आणि शनिवारी मैदानावर जाते. माझं एवढंच मागणं आहे. मोजायच्या वस्तूंना तेल लावा, गंज चढू देऊ नका. आणि जो माणूस मोजतो त्याला काही विचारायचं असेल, तर त्याच दिवशी विचारा.