हायवेवर माझा दम संपला

मित्रांनो, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकून उभी असलेली, एक आरसा फुटलेली ही जुनी मोटरसायकल म्हणजे मी. माझं इंजिन लहानसं. कारखान्यात मला घडवलं तेच मुळी गल्लीबोळांसाठी. थोड्याशा पेट्रोलवर दिवसभर पळायचं, एवढंच माझं काम.

माझे मालक शिवणयंत्रं दुरुस्त करत. हत्यारांची पेटी मागे बांधून ते घरोघरी जात. मी कधी त्यांना वाटेत सोडलं नाही. "ही माझी थोरली लेक," असं ते कौतुकाने सांगत, तेव्हा त्यांची खरीखुरी लेक गाल फुगवून बसे. मला धुताना मात्र बादली घेऊन तीच पुढे असे.

लग्न होऊन ती दुसऱ्या शहरात गेली. तिथे जायचं म्हणजे हायवे. शेजारून ट्रक सुसाट गेला की मी थरथरे. चढावर दोघांना ओढताना धापा टाकी. लेकीने ते ओळखलं.

"बाबा, आईला मागे बसवून हिच्यावर येत जाऊ नका. जास्त ताकदीची घ्या, नाहीतर सरळ बसने या."

मालक दुकानात गेले. एका दणकट गाडीवर बसूनही पाहिलं. विक्रेता म्हणाला, "जुनी इथेच सोडा, नवी घेऊन जा." मालकांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि ते खाली उतरले.

"नको हो. इतकी वर्षं साथ दिलीय तिने. भंगारात कशी घालू?"

त्या दिवशी मला कोण आनंद झाला! आता तो आठवावासाही वाटत नाही.

पुढे लेकीला दिवस गेले. मालकीणबाई मालकांच्या मागे माझ्यावर बसून तिला भेटायला निघाल्या. मांडीवर बाळाच्या दुपट्यांची पिशवी होती. चढावर पुढे सिमेंटचा ट्रक रखडत चालला होता. मालकांनी गिअर उतरवला, मूठ पूर्ण पिळली. मी जीव तोडून ओढलं. ट्रकच्या निम्म्यापर्यंत आले, पण त्यापुढे वेग वाढेचना. इतक्यात समोरून बस आली.

"अहो, मागे घ्या!"

मागे जागा नव्हती. मागची गाडी ट्रकला चिकटून आली होती. मालकांनी मला पलीकडच्या कडेच्या खडीत घातलं आणि मी घसरले. मालक उठले. मालकीणबाई उठल्या नाहीत. डोक्यावर हेल्मेट होतं, मार छातीला बसला होता. दवाखान्यातून त्या घरी आल्याच नाहीत. नातीचं तोंड त्यांनी पाहिलं नाही.

"अवदसा आहे ही गाडी, विकून टाक," शेजारी म्हणाले.

"तिचा काय दोष?" मालक म्हणाले. "होतं नव्हतं तेवढं तिने दिलं. मीच नको तिथे माया केली."

नात चालायला लागली, तशी लेकीला हायवेपलीकडे नोकरी लागली. तिला गाडी घ्यायला मालक मला घेऊन दुकानात आले. लेक लाल रंगाच्या गाडीजवळ थांबली.

"रंग नंतर बघू," मालक म्हणाले. "आधी मला मागे बसव आणि त्या चढावर ने."

परत आल्यावर त्यांनी विचारलं, "वेगात असताना आणखी मूठ पिळलीस, तेव्हा पुढे झेपावली?"

"नाही, बाबा. कुंथत होती."

"मग ही नको."

तिसरी गाडी पसंत पडली. चढावरही तिच्या अंगात जोर शिल्लक राहिला, ब्रेक लागले, लेकीचे पायही जमिनीला टेकले. पैसे भरताना मालकांचे डोळे भरून आले. लेकीने नुसता त्यांचा हात धरला.

मित्रांनो, गाडी घेताना ती कुठल्या रस्त्यावर धावणार आणि मागे कोण बसणार, हे आधी ठरवा. भरल्या ओझ्यानेही तिच्यात जोर उरतो का, ते पाहा. घरात माझ्यासारखी कुणी जुनी असेल, तर तिला पुसा, चेनला तेल घाला, बाजारापर्यंत न्या. पण हायवेला निघताना आम्हाला घरीच राहू द्या. आम्हाला वाईट वाटत नाही.