पायावरचा खळगा

कल्पना करा, तुमच्या पाठीत, बरगड्यांच्या खाली, मुठीएवढी दोन मूत्रपिंडं बसली आहेत. रक्त गाळायचं आणि मीठ किती ठेवायचं, पाणी किती सोडायचं ते ठरवायचं, हे त्यांचं काम. त्यांना निरोप देणारे काही कण तिथल्या तिथेच तयार होतात. नाव लांबलचक आहे: प्रोस्टाग्लँडिन. अंगातलं पाणी आटलं आणि रक्तवाहिन्या आवळू लागल्या, की हे कण म्हणतात, “इथली वाट मोकळी ठेवा.” मीठ साचू लागलं, की म्हणतात, “जाऊ द्या.” मिठामागोमाग पाणीही जातं. निरोप दिला की ते विरून जातात, म्हणून पुन्हा पुन्हा तयार व्हावे लागतात.

आता कल्पना करा, की ते तयार व्हायचेच थांबले. आवाज होत नाही. दुखत तर नाहीच.

ठिणगीच्या आजोबांची बेकरी होती. पोरगी एका जागी ठरत नसे, म्हणून आजोबांनीच तिला ठिणगी म्हणायला सुरुवात केली. दर रविवारी दुपारी पिठाची पोती तोलायच्या काट्यावर आधी ती उभी राहायची, मग आजोबा, आणि दोघांचे आकडे दारामागे खडूने लिहिले जायचे.

त्या रविवारी आजोबा काट्यावर चढले आणि खूश झाले. “बघ, आठवड्यात चार किलो! आणि तुझी आई म्हणते, मी वाळत चाललोय.”

“पण तुम्ही तर अर्धंच जेवताय.”

“अगं, बेकरीवाल्याला नुसत्या वासानेसुद्धा बाळसं येतं.”

ठिणगी हसली, पण तो आकडा तिच्या डोक्यातून जाईना. आजोबांनीच तिला शिकवलं होतं: पीठ न वाढवता गोळा जड झाला, तर पाणी जास्त पडलंय.

आजोबा बाकावर टेकले. बुटांच्या नाड्या सुटलेल्याच होत्या. बूट काढताना त्यांना धाप लागली. मोज्याच्या कडेने नडगीवर खोल वळ पडला होता. “सकाळपासून एकदाच लघवीला गेलो,” ते कौतुकाने म्हणाले. “गुडघ्याची गोळी झकास आहे. दुखणं गेलं, आणि भट्टी सोडून सारखं उठणंही गेलं.”

ती गोळी मिठाच्या बरणीशेजारी पत्र्याच्या डब्यात असायची. आधी ते दिवसाला एक घेत. आता सहा.

फुगलेल्या पिठात आजोबा नेहमी बोट दाबून बघत. खळगा झटकन वर आला तर पीठ अजून कच्चं, सावकाश आला तर भाजायला घ्या, आलाच नाही तर पीठ हातचं गेलं. ठिणगीने गमतीत त्यांच्या नडगीवर बोट दाबलं. उचललं. वीस आकडे मोजले.

खळगा तसाच होता.

ती डब्यातलं गोळ्यांचं रिकामं पाकीट घेऊन समोरच्या औषधांच्या दुकानात धावली. दुकानातल्या मावशीने पाकीट वाचलं. “आणखी काय घेतात आजोबा?”

“रक्तदाबाची एक. आणि लघवी साफ व्हायची एक.”

मावशीच्या हातातली कात्री थांबली. “अगं बाई, तिन्ही? आणि वर भट्टीपुढचा घाम? हे बघ, गुडघ्यात दुखणं वाढवणारे कण आणि मूत्रपिंडाची वाट मोकळी ठेवणारे कण एकाच घराण्यातले. गोळीला काय कळतंय गुडघा कुठला नि मूत्रपिंड कुठलं? ती सगळ्यांनाच गप्प करते. मीठ अडलं, की पाणी अडतं.”

“आणि मग?”

“मग एक दिवस गाळणंच बंद पडतं.” मावशीने फोन उचलला. “ही गोळी आता एकही नको. बाकीच्यांचं डॉक्टर ठरवतील. मी गाडी बोलावते, तुझ्या आईलाही कळवते. तू आजोबांना बाहेर काढ. आत्ता, उद्या नाही.”

ठिणगी परतली तेव्हा आजोबांच्या तळहातावर दोन पांढऱ्या गोळ्या होत्या. त्यांचा चेहराही सुजल्यासारखा दिसत होता, की आधीपासूनच तसा होता आणि तिनेच पाहिला नव्हता?

तिने मावशीचं बोलणं एका दमात सांगितलं.

“उद्या जाऊ गं. पीठ तयार आहे. पीठ कुणासाठी थांबतं का?”

“मग तुम्हीच बघा,” ठिणगी म्हणाली. “पिठाला बघता तसं.”

आजोबांनी हसत वाकून नडगीवर अंगठा दाबला. उचलला. हयातभर पिठाची वाट पाहिली होती तशीच वाट पाहिली. भट्टीत लाकूड तडकलं. हसू हळूहळू उतरलं.

“ठिणगे,” ते हळूच म्हणाले, “हातचं गेलं का गं?”

त्यांच्या तळहातावरच्या गोळ्या उचलून तिने भट्टीत फेकल्या, भट्टीचं झाकण लावलं, फळ्यांवरचं पीठ फुगत होतं तसंच फुगू दिलं. दारावरची पाटी ‘बंद’ अशी फिरवली. आजोबांचे पाय बुटांत शिरेनात, तेव्हा बूट तिथेच टाकले, आणि त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेऊन ती त्यांना अनवाणीच गाडीकडे घेऊन निघाली.