दहाव्या आकड्याला उंदीर

ओलायाने घोट गिळला आणि मनातल्या मनात आकडे मोजायला लागली. एक, दोन, तीन. झकास. चार, पाच. हिरव्या सफरचंदाची आंबट चुणूक, जिभेच्या कडांना गुदगुल्या. सहा, सात. आठाला तिला वाटलं, चला, सुटले. नऊ.

दहाव्या आकड्याला उंदीर आला.

खराखुरा नव्हे. खरा परवडला असता, त्याला झाडूने हाकलता तरी येतं. हा घशामागून चढून थेट टाळूवर येऊन बसला. ओल्या भुशात महिनाभर कोंडलेला उंदरांचा पिंजरा, त्यातल्या लेंड्या, आणि वर शिळ्या पावाचा कुबट वास. ओलाया थुंकली. परत थुंकली. पाण्याने चूळ भरली, तर तो तोंडभर पसरला.

"बाबा, चार नंबरच्या पिपात उंदीर आहे."

शुआकू शिडीवरून खाली वाकले. "पडला? कधी?"

"पडला नाही हो. चवीत आहे. कालपण होता, परवापण होता."

शुआकूंच्या सफरचंदाच्या घाण्यावर एप्रिल म्हणजे लग्नघर. हिवाळाभर आंबलेली सिद्रा, म्हणजे सफरचंदाची दारू, पिपांतून पहिल्यांदा बाहेर येते ती एप्रिलातच. त्यात आज दुपारी फ्रान्सच्या नॉर्मंडीहून सोलांजबाई येणार होत्या. त्यांच्याकडच्या मेळ्यात देशोदेशीची सिद्रा शेजारी-शेजारी मांडून चाखतात, आणि यंदा स्पेनच्या अख्ख्या अस्तुरियास प्रांतातून एकाच घरची घेणार होत्या. शुआकूंनी त्यासाठी चार नंबरचं पीप निवडलं होतं. तीन दिवस ते त्या पिपाला वासराला थोपटावं तसं थोपटत होते.

ते शिडीवरून उतरले, बारीक तोटी उघडली, लांबून उडणारी धार पेल्याच्या कडेवर झेलली आणि फेस विरायच्या आत पिऊन टाकली.

"कुठाय उंदीर? शेपूट तरी दाखव."

"दहा मोजा."

त्यांनी मोठ्याने मोजले. दहा झाले, पंधरा झाले. "पुढे मोजू? मांजर येईपर्यंत?"

"तुम्हाला खरंच काही लागत नाही?"

"लागतं ना. तुझं नाक लागतं मध्येमध्ये! अगं, अख्खं गाव एका पेल्यातून पितं आणि आमची राजकन्या आधी कड रुमालाने पुसते. आणि काब्रालेसचं बुरशी आलेलं चीज? ते मात्र बोटं चाटून!"

"ती बुरशी प्रामाणिक आहे, बाबा. ती दारातूनच ओरडते, मी आले म्हणून. हा चोर आहे."

पण एकोणीस वर्षं जिने प्रत्येक गोष्टीला नाक मुरडलं, तिचं नाक खरंच काही सांगतंय हे कोण ऐकणार? आजोबा असते तर ऐकलं असतं. पिपांची चव तेच बघायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि तेव्हापासून चाखायचं काम बाबांकडे आलं.

शेजारचे सेल्मोकाका आले. बाबांनी त्यांनाही पेला दिला. ओलाया त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसली. आठ, नऊ, दहा. सेल्मोकाकांची डावी पापणी फडफडली, गळ्याची घाटी दोनदा वरखाली झाली.

"फक्कड!" ते म्हणाले आणि चीजचा एवढा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

"आणखी घे."

"नको रे. पोट जरा..."

सेल्मोकाकांनी सिद्रा नको म्हणणं म्हणजे गायीने गवत नको म्हणणं! ओलायाच्या अंगावर काटा आला. म्हणजे काकांनाही लागला होता उंदीर. आणि त्यांनी तो गिळला होता. हसत.

ही किळस पहिलीपेक्षा वाईट होती.

दुपारी सोलांजबाई आल्या. बरोबर प्रोबर्टसाहेब, इंग्लंडातल्या हेरफर्डचे, त्यांचाही तिकडे घाणा. दोघांनी आपापल्या बाटल्या आणल्या होत्या. लांब टेबलावर सिद्रेत शिजवलेली चोरिसो सॉसेजं वाफाळत होती, बाजूला बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट. बाईंना इकडची भाषा घरच्यासारखी यायची. साहेबांना तीन शब्द यायचे आणि तिन्ही पिण्याचे होते.

आधी पाहुण्यांच्या बाटल्या. बाईंची सिद्रा फट्कन उघडली. सोनेरी, गोडसर, बुडबुड्यांनी भरलेली. ओलायाने नाक खाली नेलं आणि झटकन वर घेतलं. मधाच्या बरणीत कुणीतरी घोड्याचं खोगीर बुडवून ठेवलंय!

"आवडली नाही वाटतं?" बाई हसल्या.

"गोठा येतोय."

"ओलाया!" बाबा ओरडले.

"येऊ दे, येऊ दे," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे गोठा नसेल तर लोक म्हणतात, पाणी घातलंय."

साहेबांची तपकिरी, बुडबुड्यांचा पत्ता नाही. पहिल्या घोटाला ओलायाची जीभ आवळून सुपारीएवढी झाली. दातांवर जणू चामड्याचा पट्टा घासला. तिने असं काही तोंड वेंगाडलं की साहेब टेबल बडवून हसले आणि त्यांनी तिला आणखी ओतली. सेल्मोकाकांचं मत पडलं की ही प्यायची नसून हिने बूट पॉलिश करायचे.

ओलायाला गंमत वाटली. गोठा काय, चामडं काय, दोन्ही तिला नकोच होतं. पण ते ज्याचं त्याचं होतं, उघड होतं. सकाळचा उंदीर कुणाचाच नव्हता. आणि अर्ध्या तासात तो या दोघांच्या टाळूवर जाऊन बसणार होता. तेही सेल्मोकाकांसारखे हसतील, फक्कड म्हणतील, गाडीत बसतील आणि पुन्हा कधी फोन करणार नाहीत. बाबा मात्र रोज फोनकडे बघतील.

"ओलाया, सोडा आण गं," बाबांनी हळूच सांगितलं. त्यांचा हात छातीखाली होता. घाबरले की त्यांना अशी जळजळ व्हायची.

ती स्वयंपाकघरात गेली. खाण्याच्या सोड्याचा डबा काढला आणि डबा हातात धरूनच उभी राहिली. काल! काल ती दात घासून तशीच पिपाशी गेली होती, आणि काल उंदीर दहाव्या आकड्याची वाट न बघता पाचालाच आला होता, दुप्पट अंगाचा. टूथपेस्टने तोंडातली आंबट चव मेली होती. उंदराला आंबट तोंड आवडत नाही तर! आणि बाबांचं तोंड? सकाळपासून रात्रीपर्यंत आंबटच. पोट जळायला लागलं की मग सोडा, तोही पिऊन झाल्यावर.

तिने दोन चमचे ढवळले.

"आधी नीट चूळ भरा, मग प्या," ती बाबांच्या कानाशी म्हणाली. "आणि पहिला पेला तुम्ही घ्या. पाहुण्यांच्या आधी."

"का?"

"माझ्यासाठी. एकदाच. नंतर मी आयुष्यभर पेला पुसणार नाही."

एवढी मोठी बोली ऐकून बाबा बघतच राहिले. त्यांनी चूळ भरली, प्यायले, ढेकर दिली. मग तोटी उघडली, धार झेलली, सगळ्यांसमोर पेला उंचावला आणि प्यायले. रिवाजाप्रमाणे शेवटचा घोट ओठ लागलेल्या कडेवरून ओघळू देऊन जमिनीवर टाकला आणि दुसरी धार झेलून पेला सोलांजबाईंपुढे धरला.

एक. दोन. बाईंनी हात पुढे केला. तीन. चार.

पाचाला बाबांनी पेला मागे ओढला.

त्यांचा चेहरा तळापासून वर आंबत गेला. हनुवटी आकसली, नाकपुड्या फुलल्या, डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पिपाकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं, बुटाच्या तळव्याकडेसुद्धा बघितलं. मग बाहीने जीभ पुसली. खरोखर, पाहुण्यांसमोर, बाहीने!

"शी! हे... ओलाया, हे काय आहे?"

"तोच."

"हा? हा तुला तीन दिवस लागतोय?"

"हो."

ते सेल्मोकाकांकडे वळले. काका चीजमध्ये काहीतरी शोधायला लागले.

"सेल्मो. तुला लागला होता?"

"आता शुआकू, तू इतका खूश होतास की..."

"गेल्या वर्षी? गेल्या वर्षीही होता?"

काकांनी चीजचा तुकडा तोंडात टाकला.

"म्हणजे वर्षभर तू माझ्या घरी उंदीर प्यायलास?"

"रोज नाही," काका पुटपुटले. "रविवारी."

प्रोबर्टसाहेबांना एक अक्षर कळलं नव्हतं, पण ते पेल्यासाठी हात पुढे करून उभे होते. बाबांनी त्यांचा हात हळूच खाली केला. मग भिंतीवरचा लाकडी हातोडा काढला, पिपाच्या तळाचं बूच दोन घावांत उडवलं आणि चार नंबरची अख्खी सिद्रा फरशीवर धो-धो सोडून दिली. साहेबांनी उडी मारून पाय बाकावर घेतले. सिद्रा घोट्यापर्यंत आली, वास नाकापर्यंत. ओलायाने नाक दाबलं. पहिल्यांदाच तिच्याबरोबर बाबांनीही दाबलं.

"बाई, मला माफ करा," ते नाकातून म्हणाले. "मेळ्याचं राहू द्या."

सोलांजबाईंनी झगा आवरून धरला होता. "हे मी प्यायले असते ना," त्या म्हणाल्या, "तर छान म्हणाले असते आणि परत आले नसते. आता सांगा, आणखी काही आहे?"

"सात नंबर. लहान आहे. फार आंबट म्हणून बाजूला ठेवलं होतं."

"चाखलंत?"

बाबा फरशीवरच्या लोंढ्यातून चपाक-चपाक करत कपाटापाशी गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात नवा पेला होता, कोरडा, स्वच्छ, कुणाचा ओठ न लागलेला. सात नंबरची धार त्यांनी त्यात झेलली. घाईत अर्धी मनगटावरच गेली.

"हा तुझा," ते म्हणाले. "यापुढे तुझाच. आधी तू."

ओलाया प्यायली. आंबट होती, डोळे मिटायला लावणारी, कच्च्या कैरीची बहीण. तिने तोंड वाकडं केलं आणि चौघांनी श्वास धरला.

"थांबा हो," ती म्हणाली. "अजून तीनच झालेत."

मग बाबाच मोजायला लागले, मोठ्याने. आणि बाकावर उभे असलेले साहेबही काही न कळता त्यांच्या पाठोपाठ.