टायमिंगच्या वेळचा चहा

अमरावतीला राजापेठेत उस्ताद मोतीराम यांच्या गॅरेजात मी सात वर्षं काढली. ब्रेक, क्लच, गिअरबॉक्स सगळं शिकलो, म्हणजे बघून बघून शिकलो. शिकवलं कुणी नाही. पण इंजिनाचं पुढचं झाकण उघडून टायमिंगची चेन बदलायची वेळ आली, की उस्ताद म्हणायचे, "चला रे, चाय पिऊन या." आम्ही सगळे बाहेर आणि दाराला ताडपत्री. अर्ध्या तासाने आत जावं तर झाकण बंद आणि इंजिन चालू.

टपरीवर माझी कपबशी वेगळी होती, खिळ्याला टांगलेली. छप्पनच्या दसऱ्याला आम्ही घरची सगळी माणसं नागपूरला जाऊन आलो, बौद्ध झालो, आणि मी त्या कपबशीला हात लावणं सोडलं. मग टायमिंगच्या वेळी मी नुसता रस्त्याच्या कडेला उभा राहायचो. उस्तादांना ते माहीत होतं. तरी प्रत्येक वेळी "चाय पिऊन या" म्हणायचेच. मला त्या माणसाचा राग होता, आणि तो लपवावा असं मला कधी वाटलं नाही.

पुढे मी अकोल्याला आलो आणि स्वतःचं पत्र्याचं शेड टाकलं. भंगारातलं एक इंजिन आणलं आणि ते वीस वेळा उघडून वीस वेळा लावलं. तेव्हा कळलं, की एवढं झाकून ठेवण्यासारखं त्यात काही नाही. चेन दोन दातेरी चक्रांवर फिरते, एक लहान, एक मोठं. दोन्हींवर एकेक ठिपका असतो. ठिपक्यासमोर ठिपका आणायचा आणि चेन चढवायची. एखादा दात इकडेतिकडे झाला तर इंजिन खोकतं. फार चुकलं तर व्हॉल्व्ह वाकतात.

चौसष्ट साली एका सकाळी दोन बैल एक काळी मोटार ओढत माझ्या दारात आले. मागून शेंदूरजनाघाटचे खुशालराव, संत्र्यांचे बागाईतदार, आणि त्यांच्याबरोबर उस्ताद मोतीराम. उस्ताद सुकले होते. राजापेठेतलं गॅरेज मोडलं होतं आणि खुशालरावांच्या तीन गाड्यांची देखभाल एवढाच त्यांचा आधार उरला होता. बोरगाव मंजूजवळ चेन सैल होऊन दात सोडून बसली होती. उस्तादांनीच माझं नाव सांगितलं होतं.

नवी चेन यायला तीन दिवस लागले. तेवढ्यात खुशालरावांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "देवमन, हा बुढा आता कामाचा हाय का? याले दिसते का नाई, मले शंका येते. खरं सांगजो."

"चेन बसू द्या, मंग सांगतो," मी म्हणालो. खरं म्हणजे मला उत्तर तेव्हाच माहीत होतं. उस्तादांनी मला पाना म्हणून पक्कड दिली होती.

चौथ्या दिवशी झाकण उघडलं आणि मी थबकलो. मोठ्या चक्रावर दोन ठिपके होते, चार दातांच्या अंतराने, अगदी जुळ्या भावांसारखे, त्यातला एक चक्राच्या खाचेला लागून. एक कंपनीचा आणि एक उस्तादांनी ठोकलेला. दुसऱ्या कुणी ही गाडी उघडली तर त्याची फजिती व्हावी म्हणून. ताडपत्रीआड काय चालायचं ते मला त्या दिवशी कळलं.

"उस्ताद, यातला खरा कोनता?"

खुशालराव शेजारीच उभे होते. उस्तादांनी बोटाने चक्र चाचपलं आणि ठासून सांगितलं, "खाचेजवळचा. त्यात इचारासारखं काय हाय?"

मी पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात तार घालून अंदाज घेत, हँडल फिरवून पिस्टन पार वर आणला. वरचं झाकण काढलं आणि मोठं चक्र हळूहळू फिरवत चौथ्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह पाहिले. एक मिटत आला आणि दुसरा उघडू लागला, तराजूची पारडी सारखी व्हावीत तसे, की चक्र बरोबर जागी आलं. आलं तेव्हा लहान चक्रासमोर खाचेजवळचा ठिपका नव्हता. दुसरा होता.

मी वर पाहिलं. उस्तादांच्या कपाळाला घाम आला होता. खोटा ठिपका कोणता, हे ठोकणाऱ्यालाच आठवत नव्हतं. खुशालराव माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्या एका शब्दाने म्हातारा घरी बसला असता, आणि तो शब्द माझ्या जिभेवर आला होता. त्या शब्दामागे ताडपत्रीबाहेरची सात वर्षं होती.

"भाऊसाहेब," मी म्हणालो, "तुमी चाय पिऊन या. टायमिंगच्या वक्ती मी कोनाले आत ठेवत नाई."

खुशालराव कुरकुरत गेले. उस्तादही सवयीने उठले आणि दाराकडे वळले.

"तुमी बसा," मी म्हणालो.

ते बसले. मी त्यांचं बोट धरून दुसऱ्या ठिपक्यावर ठेवलं. "हा खरा. आता चेन तुमीच चढवा. मी चक्र धरतो." त्यांनी चेन चाचपून हातात घेतली. दात कसे बसतात ते त्या बोटांना अजून ठाऊक होतं.

"तुले दाखवाले पाह्यजे होतं मी," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो, "पाह्यजे होतं."

जाऊ द्या, झालं ते झालं, असं मी म्हटलं नाही. त्यांनीही त्याची वाट पाहिली नाही. मी छिन्नी घेऊन खोटा ठिपका खरवडून टाकला आणि झाकण आवळलं.

खुशालराव आले तेव्हा इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झालं. त्यांनी बराच वेळ कान देऊन ऐकलं. "कोनं बसवली?"

"उस्तादानं," मी म्हणालो. "मी निस्ते नट आवळले."

खुशालरावांनी मान हलवली आणि मागचं दार उघडून म्हाताऱ्याला आधी बसायला सांगितलं. उस्ताद बसले नाहीत. शेडच्या भिंतीकडे तोंड करून हात पुसत राहिले; मला तोंड दाखवणं त्यांना जड जात होतं.