माझ्यावर कुणी बसायचं नव्हतं

मी उज्जैनच्या माधव नगरातल्या मराठी मंडळाची जुनी लाकडी खुर्ची. बोलायची सवय नाही, म्हणून हळूहळूच सांगते.

फ्रीगंजमधल्या एका सुताराने मला शिसवी लाकडातून घडवलं. मंडळाचे अध्यक्ष बदलत गेले, मी सगळ्यांची पाठ सांभाळली. पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी कोठीत गेले. तिथे उंदरांशिवाय मला कुणी विचारत नव्हतं.

यंदा गणपतीत मंडळातल्या चारुलताने मला बाहेर काढलं. पोर पहिल्यांदाच नाटक बसवत होती. नाटक असं, की दोन माणसं तिसऱ्याची वाट बघत असतात. त्याच्यासाठी खुर्ची मांडून ठेवतात. ती मी. तो कोण, कशाला येणार, हे त्यांनाही माहीत नाही. आणि तो येतच नाही.

अध्यक्ष भय्यासाहेब तिला म्हणाले, "बेटा, आपल्या लोकांना हसायला लागतं. निम्म्यातून उठून गेले तर अगले साल से तुझं नाटक बंद. समजलीस?"

"समजले, काका."

पण मला पुसताना माझा एकच हात तिने तीनदा पुसला.

प्रयोगाला हॉल भरला. थोड्याच वेळात कुजबुज सुरू झाली. "अरे भाई, ये आएगा कब?" मागे दोघं चपला शोधू लागले.

तेवढ्यात सुलूआजी आल्या. नेहमीसारख्या उशिरा, आणि नजर अधू. मंडळाची रीतच आहे, वडीलधारं माणूस उभं राहत नाही. रिकामी दिसेल ती खुर्ची त्याची. आमचा रंगमंच म्हणजे जेमतेम एक पायरी. आजी ती चढल्या आणि सरळ माझ्यावर बसल्या.

विंगेत चारुलताने डोळे मिटून घेतले.

दोघा नटांतला थोरला श्रीनाथ पुढे आला. मग वाकून म्हणाला, "आजी, आम्ही तुमचीच वाट बघत होतो का?"

"मला काय ठाऊक बाबा? टावर चौकात जाम लागला होता. मीच वाट बघतेय, नाटक कधी सुरू होतं त्याची."

हॉल हसून हसून लोटपोट. चपला शोधणारे परत बसले.

"आमचंही तेच चाललंय," श्रीनाथ म्हणाला. मग तिघंही वाट बघू लागली. आजींनी पिशवीतला चिवडा काढून दोघांच्या हातावर ठेवला. शेवटपर्यंत एक माणूस उठला नाही.

भय्यासाहेबांनी पुढच्या वर्षीच्या नाटकाला अजून 'हो' म्हटलेलं नाही. "सोचते हैं," एवढंच म्हणतात. पण पोरं मला कोठीत न्यायला निघाली तेव्हा त्यांनीच अडवलं. आता मी हॉलच्या खिडकीपाशी असते. चारुलता येते, शेजारी सतरंजीवर बसून नवं काहीतरी लिहीत राहते.

माझं एकच मागणं आहे. कुणाची वाट बघत असाल, तर त्याची खुर्ची लगेच उचलू नका. येईल ते माणूस कदाचित दुसरंच असेल. त्यालाही बसायला जागा लागेल.